बिनमिठाची भाकर

१७ हातूर
मुक्काम नजा बिशाय

सिदहोम, माझ्या आईच्या लेका,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट फाडून फेकण्याआधी एवढं वाच. अकरा वर्षांनी थोरला भाऊ लिहितो आहे म्हणजे कोणीतरी मेलं असणार असं तुला वाटेल. कोणी मेलेलं नाही. तुझ्या तफीदावहिनीचा गुडघा दुखतो. म्हैस भरपूर दूध देते आणि आम्ही ते पिऊ शकत नाही, कारण हातूर महिना अर्धा सरला आणि नाताळचा उपास कालपासून लागला. घरात मसुराचं कालवण आणि माझी चिडचिड, दोन्ही एकाच चुलीवर शिजतं आहे.

पत्राचं कारण आमचे नवे अबूना. जुने अबूना गेल्या उन्हाळ्यात देवाघरी गेले. त्यांच्या जागी बिशपांनी एक तिशीतला पाद्री पाठवला आहे, अबूना तादरस. दाढी अजून छातीपर्यंत पोचलेली नाही, पण डोळे ससाण्याचे. परवा चर्चच्या भट्टीच्या खोलीत आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"बिसादाकाका, तुमचं कोणाशी वैर आहे का?"

मी म्हटलं, "या भट्टीशी आहे अबूना. तीस वर्षं मला भाजते आहे. बाकी कोणाशी नाही."

हसले नाहीत. म्हणाले, "मग अलेक्झांड्रियात जो भाऊ आहे, त्याला पत्र लिहा."

त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. या गावात भिंतींना कान असते तर परवडलं असतं, इथे तोंडं आहेत.

तर लिहितो. मी तुला माफ केलं. आईच्या मातीला तू आला नाहीस. मी तार केली होती. अख्खं गाव विचारत होतं, धाकटा कुठे आहे, आणि मी मान खाली घालून उभा होतो. तू उगवलास तिसऱ्या दिवशी. मी अंगणात चार माणसांसमोर तुला म्हणालो, की शिवणयंत्र सोडवेना वाटतं तुला. तू पेटीसुद्धा खाली ठेवली नाहीस, तसाच स्टेशनवर परत गेलास. मी ते सगळं विसरलो आहे. तूही विसर. उलट टपाली 'विसरलो' एवढं लिहिलंस तरी पुरे, म्हणजे मला ते अबूनांना दाखवता येईल.

तुझा भाऊ,
बिसादा


२ कियाहक

सिदहोम,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. शिंपी लोकांना एक शब्द लिहायला किती कापड लागतं?

कियाहक महिना लागला. आई म्हणायची ते आठवतं? कियाहकात सकाळ झाली की संध्याकाळ, न्याहारीवरून उठा आणि रात्रीच्या जेवणाला बसा. दिवस असा येतो आणि असा जातो, मधे नदीवर धुकं. मी पहाटे चर्चकडे निघतो तेव्हा ऊस दिसत नाही, वाट दिसत नाही, माझेच पाय मला दिसत नाहीत. कधी वाटतं की मी झोपेतच चालतो आहे आणि खरा मी घरी तफीदाशेजारी घोरतो आहे.

भट्टीची खोली तुला माहीत आहे. चर्चला लागून, उत्तरेला. तिला आपण बेथलेहेम म्हणतो, लहानपणी तुला वाटायचं की प्रभू येशू खरोखर तिथेच जन्मला, आपल्या गावात, पिठाच्या पोत्यामागे. मी तुला हसायचो. आता तीस वर्षं तिथे उपाशीपोटी कणीक मळल्यावर मला वाटतं, की तुझं तितकंसं चुकत नव्हतं. काथवटीत पीठ, पाणी, खमीर. मीठ नाही. हात मळतात, तोंड स्तोत्रं म्हणतं, आणि मधेच कधीतरी म्हणणारा मी नसतो, मळणाराही नसतो. कणीक आपली आपण श्वास घेते. मग गोळे, मग लाकडी ठसा, मधे मोठा क्रूस आणि भोवती बारा छोटे, मग सुईने पाच भोकं. प्रभूच्या पाच जखमा. भट्टीचं तोंड उघडलं की खोली पिवळी होते. दर वेळी विषम संख्येत भाकरी करायच्या, पाच किंवा सात. अबूना त्यातली एक निवडतात, जिला कुठे चीर नाही, डाग नाही. ती वेदीवर जाते आणि प्रभूचं शरीर होते. उरलेल्यांचे तुकडे उपासनेनंतर दारात वाटतात.

हे तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात मागेपुढे करतो आहे.

काल अबूना पुन्हा आले. "भावाला काय लिहिलंत?"

"माफ केलं म्हणून लिहिलं."

"त्याने काय केलं होतं?"

मी राख ओढत राहिलो. ते म्हणाले, "बिसादाकाका, मी चार महिने बघतो आहे. प्रभुभोजनाची वेळ झाली की पुरुष चपला काढून वेदीपाशी येतात आणि तुम्ही पडद्यामागून इकडे भट्टीत येता. लोकांना वाटतं काका कामात आहेत. भाकर भाजून झालेली असते, काका. भट्टी विझलेली असते. मग तुम्ही इथे काय करता?"

मी सांगितलं, "भिंतीकडे तोंड करून बसतो."

"किती वर्षं?"

"अकरा."

सिदहोम, हे कोणाला सांगू नकोस. सगळ्या गावाला जी भाकर खाऊ घालतो, ती मी अकरा वर्षं तोंडात घातलेली नाही. भावाशी वैर असेल तर आधी जा, समेट कर, मग वेदीपाशी ये, असं शुभवर्तमानात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे तुझ्या हट्टामुळे मी उपाशी आहे. बघ, थोडी तरी लाज वाटते का.

आणि तार मी एक दिवस उशिरा केली होती. गडबडीत. हे सांगायचं राहिलं होतं.

बिसादा


१२ कियाहक

सिदहोम,

तुझं पत्र आलं. पाकिटात एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ. 'शेवटच्या दिवसांत आईने माझं नाव घेतलं होतं का?'

बस? मला वाटलं होतं शिव्या असतील. शिव्यांना मी उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक.

तुला माहीत आहे की तिला दिसत नव्हतं. शेवटी शेवटी बोलणंही जड झालं होतं. जीभ वळत नव्हती. काही पुटपुटायची, ते आम्हाला कळत नसे. तफीदा कापसाने तिच्या ओठांवर पाणी लावायची. तेव्हा तिने कोणाचं नाव घेतलं असं सांगता येणार नाही. माझंही घेतलं नाही. झालं तुझं समाधान?

इकडे थंडी फार आहे. उसाला तुरे आले आहेत.

काल रात्री एक स्वप्न पडलं. मी कणीक मळतो आहे आणि ती फुगते, काथवटीबाहेर येते, खोली भरते, दारातून बाहेर पडते, गल्लीतून जाते. लोक बाजूला होतात आणि तिला वाट देतात. ती आपल्या घरापाशी पोचते आणि आईच्या खाटेवर चढून बसते. मी मागून ओरडतो, तिला उठवू नका, पण ती कणीक आईसारखीच कुशीवर वळते. जागा झालो तेव्हा तफीदा मला म्हणाली, "झोपेत कोणाला 'आलो, आलो' म्हणत होतास?" मी म्हटलं, तुझ्या गुडघ्याला. हे तुला का सांगतो आहे कळत नाही.

बिसादा


२० कियाहक

सिदहोम,

मागचं पत्र खोटं आहे. जाळून टाक. त्याआधीचंही निम्मं खोटं आहे. हे खरं आहे, हे ठेव.

आधी कालची गोष्ट सांगतो, म्हणजे ही उपरती मला कशी झाली ते कळेल. काल पहाटे घरून निघताना तफीदाने सांगितलं होतं की मीठ संपलं आहे. वाटेत शेजारणीने एक पुरचुंडी दिली, ती मी झग्याच्या खिशात टाकली. मग मळायला बसलो. तोंडाने स्तोत्रं चालू होती, पण डोक्यात तुझी ती एक ओळ. आईने माझं नाव घेतलं होतं का. मी मळतो आहे आणि डोळ्यांपुढे आपलं अंगण, आई उन्हात भाकरीचे गोळे फुगायला ठेवते आहे. आणि मधे कुठेतरी, सिदहोम, माझा हात खिशात गेला. घरच्या भाकरीत मीठ घालतात ना, तशी चिमूट भरून मी मीठ घातलं. घातलं की नाही, तेही धड कळलं नाही. भाकरी भाजून ताटात लावल्या, पांढरं फडकं टाकलं, तेव्हा खिशातली पुरचुंडी सुटलेली दिसली.

उपाशीपोटी मळायची भाकर चाखता येत नाही. म्हणजे खात्री करायची सोय नाही. वेदीच्या भाकरीला मीठ चालत नाही, प्रभू स्वतःच मीठ आहे, हे लहान पोरालाही कळतं. पण कोणाला समजणार होतं? चिमूटभर तर होतं. आणि ज्यांना समजेल त्यांना वाटेल आपल्याच तोंडाला चव आली. सात भाकरी अशा उतरल्या होत्या की तीस वर्षांत उतरल्या नव्हत्या. एकीलाही चीर नाही.

मी ताट घेऊन वेदीच्या दारात उभा राहिलो. सगळं गाव उभं. 'प्रभू दया कर, प्रभू दया कर' चाललेलं. अबूनांनी फडकं उचललं, एक भाकर हातात घेतली, बोट तिच्या कडेवरून फिरवलं. चेहरा फुलला त्यांचा. आणि मी म्हणालो, "ठेवा ती."

"काय झालं?"

"हिच्यात मीठ आहे. असावं. मला सांगता येत नाही."

ते हळूच म्हणाले, "नक्की नाही ना?"

"नक्की नाही, म्हणूनच ठेवा."

दोन तास उपासना थांबली. मी पुन्हा खमीर लावलं, पुन्हा मळलं. मुलं रडत होती, म्हातारे खोकत होते. बाहेर कोणीतरी म्हणालं, बिसादाला आता म्हातारचळ लागला. मी ऐकलं आणि मला राग आला नाही. आश्चर्यच. भट्टीपाशी बसून मला एवढंच वाटत होतं, की गावासमोर चिमूटभर मिठाची कबुली देता येते, तर भावासमोर जे आहे ते का देता येऊ नये?

तर घे. आई चार दिवस तुझं नाव घेत होती. सकाळी सिदहोम, दुपारी सिदहोम. मी तिला पाणी पाजायचो, मी तिला कुशीवर वळवायचो, मी तिचे पाय चेपायचो, आणि ती विचारायची, धाकटा आला का? मी पहिल्याच दिवशी तारघरात गेलो होतो. कागदावर तुझा पत्ता लिहिला. मग मला वाटलं, हा येणार, दारात उभा राहणार, आणि मी वीस वर्षं केलेलं सगळं एका क्षणात पुसलं जाणार. मी तो कागद चुरगाळला आणि घरी आलो. तार केली ती तिला पुरून आल्यावर. आणि अंगणात तुला बोललो ते त्यासाठीच, की तू विचारायच्या आधी मीच ओरडलेला बरा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

एवढ्यावर संपत नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती एकदम स्वच्छ बोलली. माझा हात धरला आणि म्हणाली, "सिदहोम, आलास का रे?" आणि मी म्हणालो, "हो आई. आलो."

तिने मला आशीर्वाद दिला. तुझ्या नावाने. डोक्यावर हात ठेवून, सगळा. मी तो गुडघ्यांवर बसून घेतला. संध्याकाळी ती गेली.

म्हणून मी प्रभुभोजन घेत नाही. तुझ्या हट्टामुळे नाही. ज्या जिभेने 'हो आई' म्हटलं त्या जिभेवर मी ते काय तोंडाने घेऊ?

बिसादा


३० कियाहक

सिदहोम,

काल नाताळ झाला. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. तू लिहितोस, 'तू माझा आशीर्वाद अकरा वर्षं वापरलास. तो मला परत पाठव. शब्द न् शब्द. आपल्या पदरचं घालू नकोस आणि काही खाऊ नकोस.'

वाचलं आणि पहिल्यांदा रागच आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आशीर्वाद काय पार्सल आहे? मग मी पत्र घेऊन भट्टीत जाऊन बसलो. अबूनांना विचारलं, दिलेला आशीर्वाद परत पाठवता येतो का. ते म्हणाले, "शास्त्रात मी कुठे वाचलं नाही. पण काका, पाठवून बघा. जायचा असेल तर जाईल." मग हलकेच म्हणाले, "नाताळचं प्रभुभोजन घ्याल का?" मी म्हटलं, हे पाठवल्याशिवाय नाही. सगळं गाव उपास सोडून मटण खात होतं आणि तफीदाने माझ्यासमोर ताट ठेवलं. मी दोन घास खाल्ले आणि वाटलं की मी दुसऱ्याच्या लग्नात जेवतो आहे.

तर ऐक. एकही शब्द बदललेला नाही. अकरा वर्षं रोज मला ते ऐकू येतात, विसरायची सोयच नव्हती. तिचा उजवा हात माझ्या डोक्यावर होता. डाव्या हाताने तिने माझा तळवा धरला होता. ती म्हणाली:

"सिदहोम, माझ्या पोरा. लांबून आलास. परक्या गावात तुला पाणी देणारी बाई भेटो. कुमारी माता तुझ्या उशाशी बसो. तुझ्या सुईला धागा आणि तुझ्या दाराला माणसं कमी न पडोत. तुझं ताट कधी एकट्याचं नसो. माझ्यावर रागवू नकोस, मी तुला लवकर शहरात धाडलं, पण इथे दोघांपुरती जमीन नव्हती. रोज रात्री मी तुझं नाव घेऊन भिजलेली उशी उलटी केली. देवाने ज्याला दूर ठेवलं त्याचं तो आधी ऐकतो."

मला वाटलं संपलं. मग म्हणाली:

"आणि तुझ्या भावाकडे बघ. तो तोंडाचा वाईट आहे, पण त्याला भूक सहन होत नाही. लहानपणीही नव्हती. त्याला उपाशी ठेवू नकोस."

हे शेवटचं मी तुझ्यापासून लपवणार होतो. काल रात्रभर ठरवलं होतं की हे लिहायचं नाही. पण तू म्हणालास काही खाऊ नकोस.

सगळा पाठवला. माझ्याकडे आता काही उरलं नाही.

बिसादा


१२ तूबा

सिदहोम, माझ्या आईच्या लेका,

थंडीने हाडं वाजतात. तूबा महिना पोरीची म्हातारी करतो म्हणतात, म्हाताऱ्याचं काय करतो ते कोणी सांगत नाही. काल प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण होता. घरोघर अळकुड्या शिजत होत्या, गल्लीत उसाच्या चोयट्यांचा खच पडला होता. सणाच्या आदल्या दिवशी तुझं पत्र मिळालं.

मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. तू लिहितोस:

'दादा, आशीर्वाद पोचला. यंत्रावर डोकं ठेवून रडलो, गिऱ्हाईक समोर उभं होतं. मला तुझा राग आहे. तो जाणार नाही, जाईल तेव्हा कळवीन. पण एक सांग, आई आंधळी होती, अडाणी होती का? तिने तुझा तळवा धरला होता ना? माझे हात शिंप्याचे, बाईसारखे मऊ. तुझ्या हातावर भट्टीच्या डागांना जागा उरलेली नाही. तिला कळलं नसेल की हा कोण आहे? तिने ते तुझ्याकडे माझ्यासाठी दिलं. निरोप होता तो. तू फक्त पोचवायला अकरा वर्षं लावलीस. आणि ते उपाशी राहणं आता पुरे कर. तीही तुझी घमेंडच आहे. मी किती मोठा पापी, बघा. आईने मला सांगितलं आहे तुला उपाशी ठेवू नकोस. तर मी थोरल्या भावाला हुकूम करतो. जेव.'

मला तुझं सगळं पटलं असं नाही. तिला माझे हात कळले असतील, तर मी 'हो आई' म्हटल्यावर ती काय समजली असेल? हे मला कधीच कळणार नाही. पण घमेंडीचं जे लिहिलंस ते वाचून मी मोठ्याने हसलो. तफीदा दचकली. इतकं नेमकं मला कोणी टोचलं नव्हतं, शिंपी तो शिंपीच.

काल पहाटे मी भाकर केली. मीठ घरीच ठेवलं. धुकं इतकं दाट होतं की भट्टीचा उजेड दारातच अडकून राहत होता. उपासना झाली. वेळ झाली तेव्हा सवयीने माझे पाय पडद्यामागे वळले. तर भट्टीच्या दारात तफीदा उभी. ती बायकांच्या बाजूला असायला हवी होती. तिने पदरातून एक रुमाल काढला. पांढरा, इस्त्रीचा, घास घेतल्यावर तोंडावर धरतात तसा.

मी म्हटलं, "हा कोणाचा?"

"तुझा."

"आज मी जाणार हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी दर रविवारी दोन आणते."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"भूक तुझी. मी काय बोलणार?" म्हणाली आणि गेली बायकांत.

मी चपला काढल्या. जमीन बर्फासारखी होती. पुढे आठ-दहा माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती, पण त्यांचे चेहरे मला पाण्याखालून दिसावेत तसे दिसत होते. धुपाचा धूर आणि बाहेरचं धुकं, कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं. मला भीती वाटत होती, सिदहोम. लहान पोराला वाटते तशी. मी अबूनांसमोर आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बिसादा, घे."

काका नाही, नुसतं बिसादा. माझ्या स्वतःच्या नावाने.

मी तोंड उघडलं. भाकर माझ्याच हातची होती, तिचं पीठ मी चाळलं होतं, तरी ती मला ओळखीची वाटली नाही. चव अशी काही नव्हती. पण ती जिभेवर विरघळत होती आणि मला वाटलं की कोणीतरी मला खूप वेळ हाका मारत होतं, जेवायला ये, जेवायला ये, आणि मी अंगणातच रुसून बसलो होतो, आणि ताट अजून तसंच झाकून ठेवलेलं आहे, गरम आहे. मी रुमालाआड रडलो. पोट तर काही भरलं नाही, एवढासा तुकडा. पण संध्याकाळपर्यंत मला भूक म्हणून लागली नाही.

आज हे पत्र लिहायला बसलो आणि दौतीत बोरू बुडवला तोच एक गोष्ट ध्यानात आली. तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली, ती आजवरच्या सगळ्या लाजेपेक्षा जास्त. भावाशी वैर असलं तर वेदीपाशी येऊ नये, हा नियम एकट्या बिसादासाठी लिहिलेला नाही. वैर दोघांचं होतं. तुझ्या गल्लीतही चर्च आहे. तिथेही दर रविवारी पुरुष चपला काढून पुढे जात असतील. अकरा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून माझीच भूक कुरवाळत बसलो, आणि तू तिथे कुठे उभा असतोस, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. तुझ्या तीन पत्रांत तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. मला जेव म्हणालास. स्वतःचं सांगितलं नाहीस.

राग राहू दे. तो तुझा आहे, हवा तितके दिवस ठेव. फक्त एवढंच खरं खरं कळव.

तू जेवलास का?

बिसादा